रबराच्या टपाला करंजीचं तेल

चैत्र लागला की आमच्या समोरच्या गच्चीवर दोन माणसं पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन चढतात. गळती थांबवणारं काहीतरी असतं म्हणे त्यात. यंदाही चढली. वर बोटभर धूळ, कबुतरांची घाण, वाळलेला पाला, आणि हे शहाणे त्याच्यावरच ब्रश फिरवायला लागले. मला कुठलं राहवतंय! खिडकीतून ओरडले, "अरे बाबांनो, आधी धुवा तरी ते! मळावर कसा बसणार तुमचा रंग?" त्यातला एक हसून म्हणाला, "आजी, ऊन लागन, आत जा." ऊन लागन म्हणे! या मुलखातलं ऊन मी टपावर बसून जितकं खाल्लंय, तितकं याच्या बापानंही खाल्लं नसेल.

टपावर म्हणजे गाडीच्या टपावर. सत्तर सालानंतरची गोष्ट. वाशीमच्या एका जैन शेठजींच्या ट्रस्टचा फिरता दवाखाना होता आणि मी त्यावर नर्स होते. गाडी परदेशातून देणगी म्हणून आलेली. तिकडचे लोक म्हणे अशा गाडीत बसून सुट्टीला जातात, तिच्यातच झोपतात आणि तिच्यातच रांधून खातात. आत पलंग होता, छोटासा ओटा होता, हात धुवायचं भांडं आणि भिंतीत बसवलेली कपाटं होती. आम्ही पलंगावर पेशंट निजवायला लागलो आणि ओट्यावर सुया उकळायला. पण सगळ्यांत नवलाईचा होता तिचा टप. पत्र्याचा नाही, रबराचा. लाकडी चौकटीवर पांढऱ्या रबराची भलीमोठी चादर चिकटवलेली आणि कडेनं जोड दिलेले. गावोगावची माणसं दवाखान्याला यायची आणि आधी हात वर करून टप दाबून बघायची.

त्या टपाचा खरा मालक गफूरभाई ड्रायव्हर. पन्नाशीला आलेला, काटक, दाढी मेंदीनं लाल केलेली. उमेदीची वर्षं त्यानं आमच्या वाशीमजवळच्या मालेगावच्या स्टँडजवळ पंक्चरच्या दुकानात काढली होती, त्यामुळे रबर त्याला कळायचं. वर्षातून दोनदा, फाल्गुनात आणि पाऊस संपल्यावर, टप धुण्याचा त्याचा सोहळा असायचा. आदल्या दिवशी बादलीत रिठे भिजत घालायचे, सकाळी ते चुरून फेस काढायचा, जुन्या धोतराचा मऊ बोळा करायचा. वर चपला चालायच्या नाहीत. गोधडीची घडी टाकून तिच्यावर बसायचं. मधून कडेकडे हलक्या हातानं पुसत यायचं, घासायचं नाही. "हे कढई नाई सिस्टर, हे कातडी हाय. बाळाले न्हाऊ घालतो ना, तसं करा," तो मला सांगायचा. बोळा फिरला की हाताला खडूसारखी पांढरी पूड लागायची. मग ओल्या टपावरून अंगठा दाबत तो प्रत्येक जोड तपासायचा, आणि जिथं सुटलेला वाटेल तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशननं डकवायचा. गाडी कधी वडाखाली लावायची नाही, चीक गळतो. बाभळीखाली लावायची नाही, काटे पडतात. त्याचे नियम ऐकून आमचे म्हातारे डॉक्टर वैतागायचे. "अरे, सावली तर मिळू दे!" ते म्हणायचे, आणि गफूरभाई गाडी नेमकी उन्हात उभी करायचा.

एवढे नियम सांगितले त्यानं, पण एक कधी सांगितला नाही. त्याच्या मनातच आलं नसणार की असलं काही कोणी करेल.

आज मी त्या फाल्गुनाची आठवण काढते तेव्हा आधी वास येतात. शेठजींच्या मालेगावच्या डाळ गिरणीमागं गाडी उभी असायची. तुरीच्या टरफलांचा कोरडा, नाकात बसणारा वास. खळ्यांवरून उडत येणारा हरभऱ्याचा भुसा. भिजलेल्या रिठ्यांचा तो कडवट-आंबूस दर्प. आणि त्यानंतर करंजीच्या तेलाचा. तो वास माझ्या बापाचा होता. माझा बा आसेगावला मोटा शिवायचा. विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट, ती उन्हाळ्याआधी त्याच्याकडं यायची. ठिगळं लावून झाली की तो करंजीचं तेल कोमट करायचा आणि फडक्यानं चामड्यात जिरवत बसायचा. मी लहानपणी शेजारी बसून बघायचे. वाळून भेगाळलेलं चामडं तेल असं प्यायचं की बघत राहावं. तासाभरात मऊ, काळंभोर, जिवंत. "तहानलं होतं बिचारं," बा म्हणायचा. पुढं विहिरींवर इंजिनं बसली, विजेच्या मोटारी बसल्या. बा अंगणात रिकामा बसायला लागला. त्याच्या हातातलं कसब कोणाला लागेनासं झालं. मी शिकले, नर्स झाले, पण गावोगावच्या कित्येक बाया माझ्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत. सुई घ्यायच्या, गोळी घ्यायच्या, गोळीवरचं पाणी मात्र घरून लोट्यात आणायच्या. मी दिसेल त्याच्यावर खेकसायचे ते काही उगाच नाही.

त्या वर्षी गफूरभाईच्या मुलीचं लग्न निघालं, मंगरूळपीरला. आठ दिवसांची रजा. जाताना मला म्हणाला, "सिस्टर, टप तेवढा धुऊन घ्या रिठ्याच्या पान्यानं. बाकी कशाले हात लावू नका, मी आलो की पाहीन." मी म्हटलं, "जा हो तुम्ही, लेकीला नीट नांदायला पाठवा. टप कुठं पळून जात नाही."

मी एकटीच वर चढले. धुतला. पाणी सुकल्यावर टप उन्हात असा रखरखीत दिसायला लागला, पांढरा फटक, बारीक बारीक भेगांचं जाळं पडलेला. मी भेगांवरून बोट फिरवलं आणि मला थेट बाची मोट आठवली. तहानलं होतं बिचारं! झालं. डोक्यात एकदा काही शिरलं की माझं मलाच ऐकू येत नाही. गफूरभाई कातडी म्हणतोच की याला. त्याच दिवशी आसेगावला निरोप धाडला आणि बाच्याकडून तेलाचा डबा मागवला. दुसऱ्या दिवशी कोमट करून सगळ्या टपावर जिरवला, जोडांत तर दोन-दोनदा. आणि प्यायला की हो तो टप! चकाकायला लागला. भेगा दिसेनाशा झाल्या. मी खाली उतरून लांब उभी राहून पाहिलं आणि मला रडूच आलं. बाची विद्या वाया गेली नाही, परदेशच्या गाडीला कामी आली, असं मला वाटलं. त्या दिवशी मी गिरणीतल्या हमालांना माझ्या हातानं चहा केला, आणि ते प्यायले.

गफूरभाई परत आला तो लग्नाचे लाडू घेऊन. मी म्हटलं, "वर जाऊन बघा तर खरं." तो हसत वर चढला. मी खाली कौतुक ऐकायला उभी. मग तो उतरला, बोटं नाकाशी धरली आणि माझ्याकडं पाहिलं.

"करंजी?"

"हो. का?"

त्यानं मनात काहूर माजलेल्या माणसासारखं टपाकडं एकदा, गिरणीकडं एकदा पाहिलं. "चामडं तेल पिते न् जगते, सिस्टर. रबर तेल पिते न् मरते," तो हळूच म्हणाला. "पंक्चरवाल्याच्या पोराले पयल्या दिवशी हेच शिकवते. ट्यूबले तेलाचा हात लावला की मार भेटते." मी विचारलं, आता? तो म्हणाला, "आता पाहू."

त्यानं तीनदा रिठ्यानं धुतला. तेल निघेना. पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती शंखजिऱ्याची पूड आणली आणि पीठ चोळावं तशी चोळली. दोन दिवस बरं वाटलं. मग चैत्राचं ऊन चढलं आणि टप फुगायला लागला. आधी चिकट झाला, इतका की त्यावर पडलेला कडुनिंबाचा पाला निघेना. मग पापडाला यावेत तसे फोड आले. मग जोड सुटायला लागले, खालचा डिंकच विरघळला. रोज सकाळी गफूरभाई वर जायचा आणि मी खाली उभी राहून त्याचा चेहरा वाचायचे. डॉक्टरांना सांगायचं की नाही? शेठजींना? असला टप इथं कुठं मिळणार? गफूरभाई म्हणाला, "पाऊस यायले दोन महिने हायेत. तोवर मी जुन्या ट्यूबा जमवतो, नवा जोडून काढतो. कोनाले काई बोलू नका." गिरणीतून एक जुनी ताडपत्री मागून आणली आणि टपावर बांधली. डॉक्टरांना सांगितलं, उन्हासाठी. डॉक्टर खूश झाले.

आणि मग आम्ही आभाळ बघायला लागलो. चैत्रात आभाळाकडं कोण बघतं? आम्ही दोघं बघायचो. पश्चिमेला कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसला तरी मी गफूरभाईला हाक मारायचे. सुई भरता भरता मी खिडकीतून वाकायचे. एकदा पेशंटचा दंड सोडून उशीला सुई टोचली. म्हातारी म्हणाली, "अवं बाप्पा, ध्यान कुठं हाय तुह्यं?" आजही चैत्रात वारा पडला, चारच्या सुमाराला उकाडा वाढला, की माझा जीव तसाच टांगणीला लागतो. अंगणातले कपडे मी उगाचच आत आणते. सून हसते.

रिठद गावी आमचा मुक्काम होता तेव्हा ते झालं. भर दुपार. दोन वर्षांचं एक पोर आणलं, जुलाबानं पार सुकलेलं, डोळे खोल गेलेले, रडायला आवाज नाही. त्याची आई घरून आणलेला पाण्याचा लोटा कवटाळून दारात बसली. डॉक्टरांनी कशीबशी शीर शोधली आणि सलाईन लावलं. "ही सुई हलली तर दुसरी शीर मिळायची नाही," ते मला म्हणाले. बाटली वरच्या खुंटीला टांगली. आणि बाहेर एकदम अंधारून आलं.

वारा असा सुटला की ताडपत्री एका फटक्यात सुटून फडफडायला लागली. मग पाऊस आणि गारा. आतलं छत एका ठिकाणी काळपट झालं, मग थेंब, मग धार. नेमकी पलंगावर. सुटलेला जोड पलंगाच्या बरोबर वर होता, जिथं मी दोन-दोनदा तेल मुरवलं होतं. डॉक्टरांनी पोराचा हात धरून ठेवला. मी इनॅमलचा ट्रे पोराच्या अंगावर छत्रीसारखा धरला. ट्रे भरला की ओतायचा, पुन्हा धरायचा. पाणी कपाटांत शिरत होतं, गोळ्यांची खोकी भिजत होती, त्याच्याकडं बघायलाही वेळ नव्हता. आई मोठमोठ्यानं देवाला हाका मारत होती. तेवढ्यात वर धप्प आवाज झाला आणि धार बारीक झाली. गफूरभाई वर चढला होता. ताडपत्री ओढून जोडावर धरून, स्वतः तिच्यावर पालथा पडला होता. गारा त्याच्या पाठीवर पडत होत्या आणि आम्हाला आत त्यांचे आवाज येत होते, काही टणटणीत, काही बोदे. बोदे आवाज त्याच्या पाठीवरचे. तो वरून ओरडून विचारत होता, "सिस्टर, पोरगं हाय ना?" मी ओरडून सांगत होते, "आहे, आहे!"

तासाभरानं पाऊस सरला. संध्याकाळी पोरानं डोळे उघडले आणि पाण्यासाठी रडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वाचलं. त्या आईनं घाईघाईनं इकडं तिकडं पाहिलं. तिचा लोटा सांडून गेला होता. मी माझ्या भांड्यातलं पाणी चमच्यानं पोराला पाजलं आणि तिनं पाजू दिलं. उरलेलं ती स्वतः प्यायली.

गफूरभाई चाकाला टेकून बसला होता. सदरा काढून मी पाठीला औषध लावलं. पाठ नुसती काळीनिळी. मी म्हटलं, "उद्या मी शेठजींना सांगते, माझ्या हातानं झालं." तो झटकन वळला.

"काई सांगू नका. गाडी माह्या ताब्यात, टप माह्या ताब्यात. मीच सांगतो."

"काहून? तुमचा काय संबंध?" रागात माझ्याही तोंडून गावची बोली निघाली.

"मले कोनीबी ट्रक देईन, सिस्टर. तुमाले उद्या कोन सुई धरू देईन? मोट शिवनाऱ्याच्या पोरीनं गाडी खराब केली म्हनतीन. टपाचं कोनी बोलनार नाई, तुमच्या बाचंच बोलतीन. इथल्या बाया आता कुठं तुमच्या हातचं पानी पिऊन राह्यल्या."

मी भांडले. खूप भांडले. पण दुसऱ्या दिवशी मालेगावला शेठजी आले, फाटून लोंबणारं ते रबर त्यांनी पाहिलं, फुगलेली कपाटं आणि भिजून लगदा झालेली औषधं पाहिली आणि विचारलं, "कोणी केलं हे?" तेव्हा मी भिजलेली खोकी उचलायला वाकले. डॉक्टर बुचकळ्यात पडून सगळ्यांकडं बघत होते. गफूरभाई एक पाऊल पुढं झाला. "मी केलं, शेठजी. तेल लावलं. अक्कल गेली होती माही." शेठजी मुळात रागीट नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज थरथरत होता. पंक्चरवाल्याला एवढंही कळू नये? गाडी नादुरुस्त, दवाखाना बंद, खेड्यापाड्यांतले पेशंट वाऱ्यावर. किल्ल्या ठेव आणि जा, म्हणाले. त्यानं ठेवल्या. गोधडीची घडी काखेत मारली आणि स्टँडकडं निघाला. मी उभी होते. पाच पावलांवर उभी होते.

तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी उठले आणि तडक वाशीमला शेठजींच्या दुकानी गेले. गिऱ्हाइकं होती, त्यांच्या देखत सांगितलं. तेल मी लावलं. गफूरभाई गावातच नव्हता, लेकीच्या लग्नाला गेला होता. शेठजींनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बाई," ते म्हणाले, "गफूर परवा येऊन गेला. म्हणाला, सिस्टर येईल आणि सगळं आपल्या अंगावर घेईल. भोळी आहे, माझ्या पोटापाण्याची तिला काळजी. तिचं ऐकू नका."

मी म्हटलं, "शपथ घेते. करंजीचं तेल होतं, आसेगावहून माझ्या बाच्याकडून आणलं होतं."

"तेही सांगितलं त्यानं. तुमच्या वडिलांकडून त्यानंच मागवलं म्हणून. लग्नाला जायच्या आधीच लावून गेला म्हणून." शेठजी हात जोडून उठले. "दुसऱ्याचा दोष स्वतःवर घ्यायला मोठं मन लागतं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा दवाखाना आहे."

काय बोलणार? मी ओरडले, आदळआपट केली. जितकी ओरडले तितकं त्यांना माझं कौतुक वाटत गेलं. घरी आले आणि भिंतीला डोकं टेकून बसले.

गाडीवर पुढं पत्र्याचा टप बसला. उन्हात आत भट्टी, पावसात बोलणं ऐकू येऊ नये इतका आवाज. नवा ड्रायव्हर आला, तो गाडी वडाखाली लावायचा. डॉक्टर सुखावले. गफूरभाईला ट्रक मिळाला खरा, कापसाच्या गाठींचा. पण गारांनी दुखावलेली पाठ आणि दूरदूरचे फेरे, माणूस दोन वर्षांत म्हातारा झाला. मी मंगरूळपीरला त्याच्या घरी जायचे, तेव्हा तो बहुधा गाडीवर असायचा. एकदा भेटला तर मी रडायलाच लागले. "चूप बसा हो," तो दटावून म्हणाला. "लेक नांदून राह्यली, तुमी सुया टोचून राह्यल्या. अजून काय पाह्यजे?"

मग ट्रस्टचा कार्यक्रम झाला. मोठा मांडव, नव्या-जुन्या सगळ्या माणसांना बोलावणं. मला शाल-श्रीफळ. शेठजींनी स्वतः भाषण केलं आणि त्यात तीच कथा सांगितली: एका ड्रायव्हरची चूक एका नर्सनं कशी आपल्या माथी घेऊ पाहिली. लोक हळहळले. पहिल्या रांगेत माझा बा बसला होता, नवं धोतर नेसून, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शेजारी गावचे पाटील बसले होते. बाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. मांडवाच्या पार टोकाला, खांबाला पाठ टेकवून गफूरभाई उभा होता. सगळ्यांत जोरात टाळ्या तो वाजवत होता.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माईक माझ्या तोंडाशी होता. मी बाच्याकडं पाहिलं, मग खांबाकडं पाहिलं. गफूरभाईनं टाळ्या थांबवल्या आणि नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी माझ्यावर कसली सक्ती नव्हती, नोकरी पक्की होती, बाया माझ्या हातचं पाणी पीत होत्या. मला बोलता आलं असतं. मी म्हणाले, "आभारी आहे," आणि शाल सावरून खाली बसले.